बापाच्या नावावरचं लाइट बिल

मी वाचायला शिकलो ते पत्रकांवर. वडील ऊसतोड कामगारांची संघटना चालवायचे. शिरूर कासारच्या छापखान्यातून गुलाबी, पिवळ्या कागदांचे गठ्ठे घरी यायचे आणि ज्वारीच्या पोत्याशेजारी पडून राहायचे. उरलेल्या कागदात माय भाकरी गुंडाळून द्यायची. शाळेत डबा उघडला की कधी कधी भाकरीवर शाईची उलटी अक्षरं उमटलेली असायची. मी ती वाचून मगच खायचो. वडील गेले तेव्हा मी बीडला कॉलेजात होतो. त्यांच्यामागं गठ्ठे घरात राहिले आणि लिहायचं काम माझ्याकडं आलं.

पत्रक लिहिता येतं मला. वाक्य छोटं ठेवायचं. वाचणाऱ्याला थेट प्रश्न विचारायचा. शेवटी काय करायचं ते स्पष्ट सांगायचं. हे जे आता लिहितोय, त्याच्या शेवटी काय सांगायचं ते मला माहीत नाही.

आमची वस्ती शिरूरपासून थोडी आत आहे. अर्धी घरं मेंढरांमागं फिरणाऱ्यांची, अर्धी कोरडवाहू शेतीवाल्यांची. दसरा झाला की जवळजवळ सगळी तोडीला जातात. साखर कारखान्याजवळ पाचटाच्या कोप्या घालून राहतात आणि उन्हाळा लागल्यावर परत येतात. मागं राहतात ती म्हातारी माणसं, शाळेची काही पोरं, आणि माझी माय. मायची पिठाची गिरणी आहे. वडिलांनी घरोघर पत्रकं वाटली, पण घर त्या गिरणीवर चाललं.

गिरणीच्या दारामागं भिंतीला एक लाकडी फळी आहे, तिला खिळे ठोकलेत. तोडीला जाणारं प्रत्येक घर ट्रकमध्ये चढायच्या आधी कुलपाची चावी मायकडं देतं आणि माय ती खिळ्याला अडकवते. गिरणी कायम उघडी असते म्हणून ही रीत पडली असेल. कुणाची शेळी मागं ठेवलेली असते, कुणाची कणगी असते, कुणाची म्हातारी आत एकटी असते आणि रात्री-बेरात्री दार उघडावं लागतं. कुठली चावी कुणाची हे मायच्या हाताला कळतं. तिला अक्षरं येत नाहीत. आकडे येतात, कारण वजनकाट्यावर रोज वाचावे लागतात. वस्तीत तिचा मान होता तो त्या फळीमुळं. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, मान वडिलांमुळं आहे. आणि थोडा माझ्यामुळं.

आता बिलाचं. घराला सहा महिने कुलूप असायचं आणि तरी लाइट बिल यायचं. मीटर वाचायला कुणी येत नसे, आला तर दार बंद बघून परत जाई, आणि कागदावर सरासरी युनिट टाकली जात. ज्या घरात एक बल्ब पेटला नाही त्या घराचं बिल तोडीहून परत आलेल्या बाईच्या हातात पडायचं. त्यावर व्याज. व्याजावर पुन्हा सरासरी. मला संताप आला. खरा संताप, आजही तो खोटा होता असं मी म्हणणार नाही. मी पत्रक लिहिलं: कुलपाला उजेड लागतो का? बिल दुरुस्त होईपर्यंत वस्तीतलं एकही घर एक रुपया भरणार नाही.

पत्रक वाचून लोक खूश झाले. पण वडिलांचे जुने सोबती, ज्यांना मी काका म्हणतो आणि ज्यांचे गुडघे गेल्यामुळं ते आता तोडीला जात नाहीत, ते म्हणाले, "कागदानं कोण बांधलं जातंय बे? उद्या साहेब आला का एकेक जण गुपचूप जाऊन भरून यील. बेलभंडारा उचला."

बेलभंडारा म्हणजे खंडोबाची शपथ. ताटात हळद, वर बेलाचं पान. त्यावर हात ठेवून बोललेला शब्द मोडायचा नसतो. मी असल्या गोष्टी मानत नाही. माझ्या वडिलांनीही मानल्या नाहीत. पण मला एकी हवी होती आणि ती हळदीच्या ताटात मिळत असेल तर मिळू दे, असा हिशेब मी केला. मीच ताट घेऊन घरोघर फिरलो. एकेक घरातल्या एकेका माणसानं हात ठेवला. आमच्या घराकडून मी नाही ठेवला. मला ते खोटं वाटलं असतं. मी मायला म्हणालो, "तू ठेव."

माय म्हणाली, "तू मानत न्हाईस, मग माझ्याकडून कावून करून घेतोस?"

"सगळ्यांसाठी, माय."

तिनं पदर सावरला, हात ठेवला, आणि ओठातल्या ओठात काहीतरी बोलली. तिचा हात पिवळा झाला. माझा स्वच्छ राहिला.

त्याच सालात मी शिकायला जर्मनीला आलो. शिष्यवृत्ती होती, पण ती खोलीच्या भाड्यात जायची, म्हणून एका गोदामात खोकी उचलायचं काम धरलं. आल्या आल्या लाइटचा करार करावा लागला. कंपनीनं मला विचारलं, खोलीत किती माणसं? एक. मग वर्षाला इतकी वीज लागेल, असं त्यांनीच ठरवलं आणि दर महिन्याचा हप्ता बांधून दिला. मीटर वर्षातून एकदा बघायचं. म्हणजे सरासरी. म्हणजे अंदाजे बिल, ज्याच्याविरुद्ध मी अख्खी वस्ती उभी केली होती. मी करारावर सही केली. एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. उलट मित्रांना फोनवर सांगितलं की इकडं सगळं कसं शिस्तीत चालतं.

माय फोनवर वस्तीचं सांगायची. लोक तोडीला गेले, चाव्या आल्या, फळी भरली. मग सांगू लागली की लाइनमन येऊन गेला, थकबाकीवाल्यांच्या तारा काढणार म्हणतोय.

"गिरणीचं कसं करायचं मग?" मी विचारलं.

"सगळ्यांचं व्हईल ते आपलं. शिरूरला जाऊन दळून आणू."

"डोक्यावर पोतं घेऊन?"

"मग काय तुझ्या इमानातून?"

काका शेजारीच बसलेले असायचे. त्यांचा आवाज यायचा. "विचार त्याला वहिनी, जर्मनीत तारेवर आकडा टाकू देत्यात का?"

"काका, इथं तारा जमिनीखालून आहेत."

"मंग कुदळ घेऊन जा की बे!"

मी हसायचो. फोन ठेवला की हिशेब करत बसायचो. गिरणी बंद झाली तर मायनं खायचं काय? पाठवायला माझ्याकडं फारसं काही नव्हतं.

हिवाळ्यात एकदा माझ्या बँकेत पैसे कमी पडले आणि इथल्या लाइटचा हप्ता गेला नाही. कंपनीचं पत्र आलं. भाषा सभ्य होती. थकीत रक्कम, उशिराचा दंड, मुदत. ते पत्र हातात धरून मी घाबरलो. विद्यार्थी म्हणून राहायचा परवाना नव्यानं काढायचा होता, आणि मनात आलं, हे थकीत बिल तिथं कुणी दाखवलं तर? कुणी दाखवणार नव्हतं. पण मी गोदामातल्या जेवणाच्या सुट्टीत उभ्या उभ्या दंडासकट पैसे भरले आणि वर कंपनीला माफीचा मेल लिहिला. बीडच्या वीज ऑफिसात साहेबाच्या टेबलावर मूठ आपटणारा मी, न मागितलेली माफी मागत होतो.

मेल पाठवून झाला तरी सुट्टी संपायला वेळ होता. फोन हातात होता. भीती अजून अंगात होती. मी वस्तीतल्या आमच्या घराचा ग्राहक क्रमांक टाकला; गिरणीही त्याच मीटरवर चालते.

पैसे बीडच्या बँकेतल्या जुन्या खात्यातून, परतीच्या तिकिटासाठी राखून ठेवलेल्यातून, जाणार होते. त्या खात्याला जोडलेलं सिम मी येताना मायच्या मोबाइलमध्ये घालून आलो होतो. म्हणजे पैसे भरताना बँकेचा जो नंबर येतो तो मायच्या मोबाइलवर येणार. मी तिला फोन लावला. तिकडं दुपार उतरली होती, मागं गिरणीचा पट्टा फडफडत होता.

"माय, मेसेज आला का? त्यातला नंबर वाच."

"कशाचा हाय?"

"कॉलेजच्या फीचा."

"थांब, चष्मा घेते." तिनं गिरणी बंद केली. आणि मग काट्यावरचं वजन वाचावं तसा एकेक आकडा सावकाश, मोठ्यानं वाचून दाखवला. "बराबर हाय का? चुकला तर फी जायाची न्हाई."

"बरोबर आहे."

"देव भलं करो," ती म्हणाली.

पडद्यावर आलं: आपला भरणा यशस्वी झाला आहे. धन्यवाद. आणि खाली वडिलांचं नाव. मीटर अजून त्यांच्याच नावावर आहे. बदलून घ्यायचं राहून गेलं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर सही करायच्या आधी कागद दोनदा वाचला, त्याच्या नावानं मी गुपचूप भरणा केला होता आणि कंपनी त्याचे आभार मानत होती. मी फोन खिशात टाकून खोकी उचलायला गेलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला हलकं वाटलं.

मार्चमध्ये लाइनमन शिडी घेऊन वस्तीत आला. पुढचं मला काकांनी सांगितलं, आणि सांगताना ते एकदाही हसले नाहीत.

लाइनमननं खांबावरून एकेका घराची तार सोडवली. कुलूपबंद घरांची काढली, काकांची काढली. म्हाताऱ्या माणसांनी झाडाखाली बसून बघितलं, कुणी अडवलं नाही. ठरलंच होतं तसं. माय गिरणीच्या दारात उभी होती, आपली पाळी येईल म्हणून. लाइनमन खाली उतरला आणि शिडी खांद्यावर घेतली.

माय म्हणाली, "आमची राहिली की बाबा."

"तुमची कशाला काढू, मावशी? तुमचं भरलंय."

"आमी न्हाई भरलं."

त्यानं मोबाइल काढून बघितला. "पूर्ण भरलंय. मागल्या महिन्यात."

"न्हाई म्हणते ना! बेलभंडारा उचललाय मी!" माय ओरडली. असा आवाज काकांनी तिचा कधी ऐकला नव्हता.

लाइनमननं वडिलांचं नाव मोठ्यानं वाचलं. तारीख वाचली. झाडाखालची एक म्हातारी म्हणाली, "मेलेला माणूस बिल भरून गेला म्हणायचा." कुणी हसलं नाही. मायला तारखेवरून आठवलं. ती काकांना एवढंच म्हणाली, "त्यो नंबर मीच वाचला."

ती लाइनमनला म्हणाली, माझी पण काढ. तो म्हणाला, भरलेल्याची काढली तर माझी नोकरी जाईल. मग ती आत गेली, मेन स्विच पाडला, चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला आणि सगळ्यांदेखत काकांच्या हातात दिला. "सगळ्यांची लाइट आल्यावर द्या."

मी संध्याकाळी फोन केला. तिनं उचलला.

"माय, मी तुझ्यासाठीच..."

"फी हाय म्हणलास."

"माय..."

"माझ्या तोंडातून काढून घेतलंस, लेकरा. चोरानं निदान हात तरी सोताचा वापरला असता."

तिनं फोन ठेवला.

बातमी मोबाइलवरून कोप्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूचा फोन कारखान्यावरून आला. ही बाई लग्न होऊन वस्तीत आल्यापासून चावी मायकडं देत होती. ती मायला म्हणाली, "वहिनी, तेवढी आमची चावी काकांकडं द्या. राग न्हाई. पण द्या." मग आणखी एकीचा आला. मग आणखी एकाचा. माय प्रत्येक चावी खिळ्यावरून काढून, पदराला पुसून, काकांकडं नेऊन देत होती. कुणाशी वाद घातला नाही. माझा मुलगा भरून बसला, मला माहीत नव्हतं, असंही तिनं एकाला सांगितलं नाही. हात तिनं ठेवला होता. तिच्या मते एवढं पुरेसं होतं.

मी काकांना फोन करून म्हणालो, तुम्ही सांगा ना सगळ्यांना की मायला ठाऊक नव्हतं.

"मी कावून सांगू? पत्रक लिव्हायला येतंय ना तुला?"

मी बसलो आणि लिहिलं. भरपूर लिहिलं. परदेशातला एकटेपणा, गिरणीची काळजी, व्यवस्था माणसाला कशी भेदरवते, सगळं. काकांना पाठवलं. त्यांनी ते मायला वाचून दाखवलं, फोन चालू ठेवून, मला ऐकू येईल असं. ते "मायच्या काळजीपोटी" या शब्दांपाशी आले आणि मायनं थांबवलं.

"माझं काय घातलंय त्यात? मी म्हणलं होतं का भर म्हणून? काढ ते."

पुढं व्यवस्थेचा परिच्छेद आला. तिनं पूर्ण ऐकला. "हे कुणाबद्दल हाय?"

"सरकारबद्दल," काका म्हणाले.

"सरकारनं भरलं का आपलं बिल?"

तोही गेला. एकटेपणाचं तिनं दोनदा वाचायला लावलं. मला वाटलं, हे ती ठेवेल. ती म्हणाली, "लई वाईट वाटलं ऐकून. पण ते मला फोनवर सांग. लोकांना कावून सांगतोस?"

शेवटी उरलं ते इतकंच: बिल मी भरलं. मायला खोटं बोलून तिच्याकडून नंबर वाचून घेतला. तिला माहीत नव्हतं. भंडाऱ्याचा शब्द मी मोडला, तिनं नाही. खाली माझं नाव. माझ्या हातून निघालेलं सगळ्यात छोटं पत्रक ते, आणि त्यात कुणाला एक प्रश्न विचारलेला नव्हता.

काकांनी शिरूरला झेरॉक्स काढल्या. मायनं त्या स्वतः वाटल्या, मागं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या हातात आणि कुलूपबंद दारांच्या फटीतून आत. वाचता येत नसलेली बाई आपल्या पोराचा कबुलीजबाब दारोदार सरकवत फिरत होती. मी तिकडं नव्हतो. मी गोदामात होतो.

उन्हाळ्यात लोक परत आले आणि बीडला जाऊन वीज ऑफिससमोर बसले. पुष्कळ दिवस बसले. अखेर ऑफिसनं वस्तीतच शिबिर लावलं, मीटर प्रत्यक्ष वाचून बंद घरांची बिलं कमी केली. उरलेलं लोकांनी भरलं. पत्रकात लिहिलं होतं तसंच घडलं, फक्त मला वगळून. कमी झालेल्या बिलांत आमचं नव्हतं. आमचं पूर्ण भरलेलं होतं. सगळ्यांच्या तारा जोडून झाल्यावर काकांनी फ्यूज आणून दिला आणि गिरणी सुरू झाली. तोवर माय पोतं डोक्यावर घेऊन शिरूरच्या गिरणीत, गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहत होती.

दसऱ्याला मी सुट्टी काढून घरी गेलो. ट्रक भरत होते. मी गिरणीत बसलो होतो, दाराकडं पाठ करून, म्हणजे येणाऱ्याला माझं तोंड बघावं लागू नये. लोक येत होते, "कधी आलास बे?" एवढं विचारत होते आणि मायच्या हातात चावी देत होते. फळी हळूहळू भरत होती. त्या पत्रकाबद्दल कुणी बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

शेजारच्या काकूनं आपल्या दाराला कुलूप घातलं, ओढून बघितलं, आणि गिरणीवरून सरळ काकांच्या घराकडं गेली. मी उठलो. म्हणालो, "मी बोलतो तिच्याशी. तुझी चूक नव्हती हे समजावून सांगतो."

"बस खाली."

"माय, पण..."

"तिचं घर, तिची चावी. ती काय पत्रक वाचून द्यायची गोष्ट हाय?"

मी बसलो. तिनं गिरणीवरचं पीठ झटकलं, मग तिचं लक्ष माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याकडं गेलं. मी ते चाळवत होतो.

"ही कशाची?"

"तिकडच्या खोलीची."

"तू इकडं आलास, तर तिकडं कुणाकडं दिऊन यायची असती."

"कुणाकडं देणार? शेजारी कोण राहतं तेही माहीत नाही."

तिनं चावी हातात घेऊन वजन बघावं तशी तोलली आणि परत दिली. बाहेर ट्रकनं हॉर्न दिला. माय निरोप द्यायला दारात गेली. शेजारच्या काकूच्या घराचा खिळा रिकामाच होता. मी पुढच्या आठवड्यात निघालो तेव्हाही रिकामा होता, आणि माय त्यावर दुसरं काही अडकवत नव्हती.